सतराव्या वर्षीच भरता येणारा फॉर्म ६ : नागपुरातल्या नवमतदारांसाठी परीक्षण

सोळाव्या वर्षी मतदानाचा हक्क द्यावा की नाही, यावर भरपूर वाद होतो. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये तो दिला, ब्राझीलमध्ये सोळा-सतराच्या मुलांना मतदान ऐच्छिक आहे. आपल्याकडे २८ मार्च १९८९ पासून वय एकवीसवरून अठरावर आलं. या सगळ्या वादात एक सेवा मात्र दुर्लक्षित राहते. वयाची सतरा वर्षं पूर्ण झाली की मतदार नोंदणीचा अर्ज, म्हणजे फॉर्म ६, आगाऊ करता येतो. २०२२ पासून ही सोय आहे, फुकट आहे आणि पोट्ट्यांनी ती वापरायलाच हवी. आमचे गुण पाचपैकी साडेतीन.

पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती, म्हणजे त्या तारखेला अठरा पूर्ण असावे लागत. २ जानेवारीला अठरा पूर्ण झाले, तर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. आगाऊ आलेला अर्ज राखून ठेवतात आणि मुलगा किंवा मुलगी ज्या तारखेला पात्र ठरते त्या तिमाहीत तो निकाली काढतात. वाढदिवस २ जुलैचा असेल तर १ ऑक्टोबर धरा.

अर्ज भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकून भरायचा. शक्यतो मुलाचाच क्रमांक द्या, कारण ई-ओळखपत्र पुढे त्याच क्रमांकावरून डाउनलोड होतं. पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, वयाचा पुरावा (जन्मदाखला, आधार किंवा जन्मतारीख असलेलं दहावीचं प्रमाणपत्र) आणि पत्त्याचा पुरावा एवढं हाताशी असलं की पुरे. आईचा किंवा वडिलांचा मतदार ओळखपत्र क्रमांक जरूर भरा. त्यावरून नाव त्याच केंद्राच्या यादीत घ्यायला सोपं जातं.

खरी गडबड होते ती दोन रकान्यांत. पहिला नावाचा. इंग्रजीत टाइप केलं की शेजारी मराठी नाव आपोआप उमटतं आणि तिथे 'ळ'चा 'ल', 'ढ'चा 'ध' होतो. 'ढोबळे'चं 'धोबले' होऊन यादीत गेलं की दुरुस्तीसाठी वेगळा फॉर्म ८ भरावा लागतो. म्हणून मराठी रकाना अक्षर न् अक्षर वाचा. दुसरा रकाना विधानसभा मतदारसंघाचा. शहरात दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर असे सहा मतदारसंघ आहेत, पण नागपूरला खेटून असलेली वाडी हिंगणा मतदारसंघात येते. पिनकोडवरून अंदाज बांधू नका, घरातल्या मोठ्यांचं यादीतलं नाव शोधून मतदारसंघ आणि यादी भाग क्रमांक तिथूनच घ्या.

मेडिकल किंवा व्हीएनआयटीच्या वसतिगृहातल्या मुलांना गावचा पत्ता किंवा वसतिगृहाचा पत्ता यांपैकी एक निवडता येतो. वसतिगृहासाठी संस्थाप्रमुखांचं बोनाफाइड जोडावं लागतं. नीट-जेईईच्या क्लाससाठी गडचिरोली, गोंदियाहून येऊन खोली करून राहणाऱ्यांनी मात्र गावीच नोंदणी करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्ष-दोन वर्षांत खोली सुटते आणि इथलं नाव मागे राहतं. दोन ठिकाणी नोंदणी करून खोटं निवेदन देणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अर्ज पाठवल्यावर संदर्भ क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. त्यानंतर बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी पडताळणीला येतात आणि सेवेची कमजोर कडी इथेच आहे. बीएलओ बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडीताई असतात, हे काम नेहमीची कामं सांभाळून करतात. नव्या ले-आउटमध्ये नुसता प्लॉट क्रमांक लिहिला तर घर सापडत नाही आणि अर्ज अडकतो. ले-आउटचं नाव आणि जवळची खूण लिहा. स्थिती बराच काळ पुढे सरकली नाही, तर बीएलओंचं नाव आणि क्रमांक पोर्टलवर शोधून स्वतः फोन करा.

दीड गुण कापले त्यातला अर्धा या कडीसाठी. उरलेला एक गुण पालिका निवडणुकीच्या यादीसाठी, आणि यात आयोगाच्या या पोर्टलचा दोष नाही. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि विधानसभेचीच यादी प्रभागांनुसार फोडतो. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे २ जुलैला अठरा पूर्ण केलेली मुलगी मतदानादिवशी साडेअठरा वर्षांची होती, तरी तिला मत देता आलं नाही. नागपुरात २०१७ नंतर पहिल्यांदाच पालिकेसाठी मतदान होत होतं, म्हणून हे अधिकच लागतं. सोळाचा वाद जरूर व्हावा, पण आधी अठराव्या वर्षाचा हक्क अठराव्या वर्षीच मिळायला हवा. चार तारखा ठरवल्या आहेत, तर पालिकेच्या यादीलाही मतदानाआधीची सर्वांत जवळची तारीख लावावी.

तोवर अर्ज लवकर करणं एवढंच आपल्या हातात आहे. निवडणूक जाहीर झाल्यावर उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसाआधी साधारण दहा दिवसांपर्यंतचेच अर्ज यादीत येऊ शकतात. कार्ड पोस्टाने उशिरा आलं तरी घाबरू नका. नाव यादीत असेल तर आधार, पासपोर्ट असं दुसरं मान्य ओळखपत्र चालतं, मात्र यादीत नाव नसेल तर कार्ड असूनही मत देता येत नाही. अडचण आली तर १९५० या क्रमांकावर विचारा, फोन करताना संदर्भ क्रमांक समोर असू द्या.