सिबिल दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती मूळ कागद देऊ नका

'सिबिल', म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद आणि त्यावरून मिळणारा स्कोअर, दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागून माझे साडेसात हजार रुपये गेले. ते गेले तर गेले, पण त्यापायी सहा महिने गेले आणि म्हशींचं कर्ज हातचं निसटलं, याचं दुःख जास्त आहे. आमच्या भागात हे दुकान जोरात चालू आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कास्तकार. डिसेंबर 2020 मध्ये एका फायनान्स कंपनीकडून 1 लाख 20 हजारांचं कर्ज काढलं. दीड वर्ष हप्ते वेळेवर भरले. जुलै 2022 च्या अतिवृष्टीत नाल्याकाठचं तीन एकर वावर खरडून गेलं. सोयाबीन गेलंच, पण खालची मातीही गेली. हप्ते थकले, वसुलीवाले दारात येऊ लागले. शेवटी नोव्हेंबर 2023 मध्ये 91 हजारांची बाकी 55 हजारांत मिटवायची तडजोड झाली. कापूस विकला, बायकोची पोत गहाण ठेवली आणि पैसे भरले. दोन गोष्टी त्या वेळी नकळत बरोबर केल्या : कंपनीच्या लेटरहेडवर तडजोडीचं पत्र आधी हाती घेतलं आणि पैसे रोख न देता बँक खात्यातून पाठवले.

जून 2024 मध्ये दोन म्हशींसाठी बँकेत गेलो. मॅडमनी संगणकावर पाहिलं आणि म्हणाल्या, ''दादा, तुमच्या नावावर 91 हजार थकीत दिसतात, अन् दर महिन्याला थकल्याचे दिवस वाढतच चाललेत.'' मी पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, ''कंपनीनं तडजोड झाल्याचं सिबिलला कळवलेलंच नाही. त्यांच्याकडून दुरुस्त करून आणा.'' कसं करायचं ते विचारायला पाहिजे होतं. मागे रांग होती, मी उठलो.

बसस्टँडच्या वाटेवरच त्या पोराचं दुकान. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, आणि मोठ्या अक्षरात 'सिबिल वाढवून मिळेल'. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, ''काकाजी, तुमाले काई करा लागत नाई. आधार, पॅन, ते पत्र अन् मोबाइल द्या. तीन महिन्यांत सेटल्डबी, म्हंजे कमी पैशात मिटवल्याची नोंदबी, पुसून टाकतो, स्कोअर साडेसातशेच्या वर.'' चार हजार आधी, साडेतीन काम झाल्यावर. ओटीपी आला की मी मोबाइल त्याच्यापुढे धरायचो. तडजोडीचं मूळ पत्र 'अपलोड कराले' म्हणून त्यानं ठेवून घेतलं. माझ्यासमोर रिपोर्ट काढून एक प्रत दिली. स्कोअर होता 541.

पुढे दर आठवड्याला 'प्रोसेसमध्ये आहे'. ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, त्यानं दुसरी प्रत हाती ठेवली. स्कोअर 768, थकबाकी शून्य. मी उरलेले साडेतीन हजार तिथल्या तिथं मोजून दिले आणि वर पेढे दिले.

डिसेंबरात तो कागद घेऊन बँकेत गेलो. मॅडमनी स्वतः रिपोर्ट काढला. स्कोअर 528. थकबाकी तशीच, 91 हजार. त्यांनी माझ्या दोन्ही प्रती टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि वरच्या कोपऱ्यातल्या कंट्रोल नंबरवर पेन टेकवलं. दर वेळी नवा रिपोर्ट काढला की हा नंबर नवा पडतो. माझ्या जूनच्या आणि ऑक्टोबरच्या कागदावर तो एकच होता, एकही आकडा इकडचा तिकडे नाही. तारीख तेवढी बदललेली. नीट पाहिलं तर 768 हे आकडेही बाकीच्या छपाईपेक्षा थोडे जाड होते. जुन्याच कागदावर नवे आकडे बसवले होते.

खरं नुकसान पुढे कळलं. माझी पोरगी यवतमाळला बी.कॉम. करते. ती सुट्टीत आली तेव्हा तिनं सिबिलच्या वेबसाइटवर माझं खातं उघडायचा प्रयत्न केला. खातं माझ्या पॅनवर होतं, पण ईमेल त्या पोराचा. त्यानं तक्रार टाकलीही होती, पण कोणती? 'हे कर्ज माझं नाही'. अर्थात कंपनीनं ती फेटाळली आणि फेटाळल्याचं उत्तर त्याच्याच ईमेलवर गेलं. माझ्या सहीनिशी घेतलेलं कर्ज माझं नाही, असं माझ्या नावानं कुणीतरी लिहून दिलं होतं. ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

मूळ पत्र मागायला गेलो तर 'सापडत नाही'. मग कंपनीच्या शाखेत तीन चकरा. पहिल्या दोन वेळा 'साहेब नाहीत'. तिसऱ्या वेळी पासबुकातली 55 हजारांची नोंद पुढे केली, तेव्हा कुठं दुसरी प्रत मिळाली. रोख दिले असते तर माझ्याकडे दाखवायला काय होतं?

बरोबर रस्ता असा आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चार कंपन्या आपली कर्जाची माहिती ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मी चारही काढले, कारण माझे आधार, पॅन आणि ओटीपी त्या पोराच्या हातून गेले होते, नावावर आणखी कर्ज निघालं का ते पाहायचं होतं. सुदैवानं नव्हतं. चूक दिसली की तिथंच ऑनलाइन तक्रार टाकता येते, आणि 'कर्ज माझं नाही' नव्हे, तर 'बाकी आणि थकबाकीची रक्कम चुकीची आहे' असं लिहायचं. पण या कंपन्या मनानं काही बदलत नाहीत. ज्यानं कर्ज दिलं त्यानं होकार दिल्यावरच बदलतात. म्हणून त्याच दिवशी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही पत्र आणि पासबुकाची प्रत पाठवली.

त्या पत्रात पोरीनं एक वाक्य मुद्दाम घातलं : तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. तोवर फोन न उचलणाऱ्या कंपनीचा चार दिवसांत फोन आला. तिसाव्या दिवशीही उत्तर नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं ठरवलं होतं, तीही तक्रार फुकटच असते. तशी वेळ आली नाही. सत्ताविसाव्या दिवशी थकबाकी शून्य झाली.

'सेटल्ड' मात्र आता नोंदीत दिसतं, आणि ते खोटं नाही. मी 36 हजार कमी भरले, ही खरी गोष्ट आहे. खरी नोंद पैसे घेऊन कोणी पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. तो पोरगा या दोन्हींची सरमिसळ करून विकतो. मॅडमनी सांगितलं की सोडलेली रक्कम भरायची तयारी असेल तर कंपनीला विचारा. मी विचारलं. भरल्यावर खातं 'बंद' म्हणून कळवू आणि नादेय दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, देऊ, असं कंपनीनं लेखी दिलं आहे. तूर निघाल्यावर अर्धे भरणार, बाकीचे कापसावर. ते लेखी मिळेपर्यंत मी भरायला हो म्हटलं नव्हतं.

पोलीस ठाण्यात दोन्ही खोट्या-खऱ्या प्रती जोडून अर्ज दिला आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. मूळ पत्र मात्र ठाण्यातून फोन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी 'सापडलं'.

काल आमच्या शेजारच्या वावरातला चुलतभाऊ म्हणाला, त्यानंही त्याच दुकानात तीन हजार आणि बेबाकीचा मूळ दाखला दिला आहे. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं जाणार आहोत, आधी दाखला परत घ्यायला.