आठ महिने कार्बन फिल्टर चालवल्यावर: नारळाचा की कोळशाचा?

रबाळे एमआयडीसीत आमचं कापड रंगवायचं छोटं युनिट आहे. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, मी बघतो. रोजचं २० हजार लिटर पाणी बायोलॉजिकल टाकीतून बाहेर पडायचं तेव्हा सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) ३००च्या आसपास असायचा आणि लालसर झाक काही केल्या जात नव्हती. हे पाणी सीईटीपीतून, म्हणजे सगळ्या कारखान्यांच्या सामाईक प्लांटमधून, शेवटी ठाणे खाडीत उतरतं, जिथे दर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. ती झाक मला खटकायची.

म्हणून दोन एसीएफ, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचे फिल्टर, बसवले, एकापाठोपाठ एक. प्रत्येकात ४०० किलो कार्बन, ताशी २००० लिटर पाणी. पहिल्या वेळी नारळाच्या करवंटीचा घेतला, कारण आयोडीन नंबर (एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन शोषतो तो आकडा) १०५० होता आणि विक्रेता त्याच आकड्यावर बोलत होता. पहिले दोन आठवडे पाणी काचेसारखं. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या टाकीतून रंग उतरू लागला.

चूक कार्बनची नव्हती, निवडीची होती. आयोडीनचा रेणू लहान असतो, त्यामुळे तो नंबर बारीक छिद्रांचा हिशेब देतो. करवंटीच्या कार्बनमध्ये अशीच छिद्रं जास्त. आमच्या रिॲक्टिव्ह रंगांचे रेणू मोठे, ते त्यात शिरतच नाहीत. दुसऱ्या वेळी दगडी कोळशाचा घेतला. आयोडीन नंबर ९००च, पण मेथिलीन ब्लूचा आकडा चांगला होता; हा रंग आयोडीनपेक्षा मोठ्या रेणूचा, म्हणून तो मोठ्या छिद्रांचा हिशेब देतो. तो साधारण सहा आठवडे टिकतो आणि सीओडी १६०च्या आसपास राहतो. फिनॉलसारखे लहान रेणू असतील तर करवंटीचाच घ्या, तिथे तो उत्तम. आणि मेथेनॉल काढायला कार्बन घेणार असाल तर पैसे वाचवा, कार्बन ते धरतच नाही.

पीएच सांभाळावा लागतो. एकदा न्यूट्रलायझेशन (पीएच सातच्या आसपास आणणं) हुकलं, पाणी साडेनऊच्या पीएचने फिल्टरवर गेलं आणि त्याच दिवशी रंग सुटला. नवा कार्बन भरल्यावर रात्रभर पाण्यात भिजवायचा, नाहीतर छिद्रांतली हवा अडून बसते. मग काळं पाणी जाईपर्यंत बॅकवॉश, म्हणजे खालून वर उलटं पाणी सोडून धुणं. पोती थिनरच्या ड्रमशेजारी ठेवू नका, कार्बन हवेतली वाफही ओढतो आणि वापरण्याआधीच भरून जातो.

सगळ्यात महत्त्वाचं, कार्बन बदलतानाचं. आमचे एक काका पाणी काढल्यावर थेट मॅनहोलमधून उतरायला निघाले.

"काका, थांबा! आत पाय टाकू नका."

"अहो, पाणी तर काढलंय की."

ओला कार्बन टाकीतल्या हवेतला ऑक्सिजन खातो. वास येत नाही, डोळ्याला काही दिसत नाही, माणूस मात्र कोसळतो. आता ब्लोअर लावून, ऑक्सिजन मीटरने मोजून, वर एक माणूस उभा ठेवूनच कोणी उतरतं. हे मला विक्रेत्याने सांगितलं नव्हतं आणि त्याचा मला अजून राग आहे.

पहिल्या टाकीतला कार्बन संपला की तीच बदलतो. दुसरी पुढे येते, ताजी मागे जाते, म्हणजे पूर्ण वापरला जाण्याआधी कार्बन फेकला जात नाही. वापरलेला कार्बन २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात धरतो. निथळून, पिशव्यांवर लेबल लावून तळोज्याच्या केंद्रात पाठवतो. हा खर्च कार्बनच्या भावात मोजायला आम्ही सुरुवातीला विसरलो होतो.

पुन्हा घेणार का? कोळशाचा, हो. पण दर खरेदीआधी आमच्याच पाण्याची जार टेस्ट करून, म्हणजे भांड्यात पाणी घेऊन त्यात नमुन्याचा कार्बन टाकून बघून.