जुन्या जिप्सीचे आयडलिंग : मूळ कार्बोरेटर, वेबर की एमपीएफआय इंजिन?

मारुती जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसी इंजिनासह आली, १९९६ मध्ये तिला १२९८ सीसीचे आठ व्हॉल्व्हचे, कार्बोरेटरचे (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागाचे) इंजिन मिळाले आणि २००० मध्ये त्याच क्षमतेचे सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने इंधन देणारे) इंजिन आले. मधल्या पिढीतल्या अनेक गाड्यांवर हौशी मालकांनी हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या), फ्री-फ्लो सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर आणि क्वचित वेगळा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असे बदल केलेले असतात. त्यानंतर गाडी सिग्नलवर बंद पडू लागली, किंवा आयडलिंग (पाय न देता इंजिन चालू राहणे) सतत वरखाली होऊ लागले, की मालकापुढे तीन मार्ग येतात. मूळ कार्बोरेटर ओव्हरहॉल करावा, त्याच्या जागी वेबर कंपनीचा ३२/३६ कार्बोरेटर बसवावा, किंवा एमपीएफआय इंजिनच आणावे. या तिन्हींची तुलना येथे आयडलिंगपुरतीच केली आहे. रेस, टॉर्क आणि मायलेज यांचा विचार वेगळा करावा लागतो.

खर्च करण्यापूर्वी बिघाड कार्बोरेटरमध्येच आहे का, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. टॅपेट, इग्निशन टायमिंग आणि प्लग पुस्तिकेप्रमाणे करून घ्यावेत आणि मग मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) व्हॅक्यूम गेज, म्हणजे आतली ओढ मोजणारा काटा, लावावा. मूळ कॅमशाफ्ट असलेले निरोगी इंजिन समुद्रसपाटीच्या जवळ, आयडलवर, साधारण १७ ते २१ इंच पारा एवढा व्हॅक्यूम दाखवते. उंची वाढली की दर ३०० मीटरला सुमारे एक इंच कमी होतो, त्यामुळे महाबळेश्वरला गेज चार-पाच इंच खाली दिसला तर तो बिघाड नव्हे. काटा स्थिर पण खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग शोधावे. काटा ठरावीक अंतराने झटका देत असेल तर व्हॉल्व्ह किंवा प्लगकडे पाहावे. गळती शोधताना ब्रेक बूस्टरचा पाइप आणि इतर व्हॅक्यूम पाइप एकेक करून चिमट्याने दाबून आरपीएम बदलतात का ते पाहणे सुरक्षित आहे. तापलेल्या हेडरजवळ कार्बोरेटर क्लीनर फवारू नये, कारण तो पेट घेऊ शकतो.

या चाचणीत एक फरक ओळखता आला पाहिजे. गळतीतून आत आलेली हवा कार्बोरेटरने मोजलेली नसते, म्हणून कार्बोरेटरच्या इंजिनात मिश्रण विरळ होते आणि गाडी थरथरते किंवा बंद पडते. जिप्सीच्या एमपीएफआय प्रणालीत मॅनिफोल्डमधला दाब मॅप सेन्सर मोजतो, म्हणून गळतीच्या हवेसाठीही इंधन सोडले जाते आणि आयडल उलट वर चढते. कार्बोरेटरची सवय असलेला मेकॅनिक चढलेले आयडल पाहून थ्रॉटलचा (हवेच्या झडपेचा) स्क्रू फिरवतो आणि मूळ गळती तशीच राहते. याच मॅप सेन्सरमुळे उघड्या फिल्टरचा एमपीएफआयच्या आयडलवर फारसा परिणाम होत नाही.

मूळ कार्बोरेटरच्या बाजूने बोलणारी पहिली गोष्ट अशी की, तो याच इंजिनासाठी बनलेला आहे आणि त्याचा स्लो सर्किट (आयडलला इंधन देणारा मार्ग) याच क्षमतेला धरून आहे. गाडी रेसवर व्यवस्थित चालत असेल आणि पाय काढताच मरत असेल, तर आधी इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर पाहावी. इग्निशन चालू करताना त्याचा टकटक आवाज आला पाहिजे. त्यानंतर स्लो जेट (त्या मार्गातले इंधन मोजणारे बारीक छिद्र), मग थ्रॉटल शाफ्ट. शाफ्टचे भोक झिजले असेल तर किट बदलून काहीही होत नाही, कारण हवा शाफ्टच्या बाजूने शिरत राहते. तिथे बुश बसवणारा कारागीर शोधावा लागतो, आणि माझ्या मते तो मिळत नसेल तरच हा मार्ग सोडावा. आणखी एक अडचण म्हणजे आजचे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. त्याला तेवढ्याच हवेसाठी अधिक इंधन लागते, म्हणून जुने जेट थोडे विरळ ठरतात, आणि जुने रबर व पॅकिंगही लवकर खराब होतात. किट घेताना इथेनॉलला टिकणारी पॅकिंग मिळते का, हे विचारून घ्यावे.

वेबर ३२/३६ दिसायला आकर्षक असतो आणि त्याचे सुटे भाग सुबक असतात, पण तो याहून मोठ्या इंजिनांवर जास्त शोभतो. १२९८ सीसीवर त्याचे जेट बदलल्याशिवाय आयडल बसत नाही. तो बसवण्यासाठी लागणारी ॲडॉप्टर प्लेट हे नवे गळतीचे ठिकाण ठरते, कारण कच्च्या रस्त्यावर तिचे नट सैल होतात. मिश्रणाचा स्क्रू दोन-अडीच फेऱ्यांपेक्षा अधिक उघडल्यावरच इंजिन गुळगुळीत चालत असेल, तर आयडल जेट लहान आहे असे समजावे. वेगाचा स्क्रू फार आत गेला असेल, तर थ्रॉटलच्या पातीने पुढची छिद्रे उघडतात आणि मिश्रणाचा स्क्रू प्रतिसाद देत नाही. ज्याच्याकडे जेटचा संच आणि वेळ दोन्ही आहेत, त्याने हा मार्ग घ्यावा; एरवी घेऊ नये.

एमपीएफआय इंजिन आणल्यास आयडल थंडीतही, घाटातही टिकते आणि उंचीनुसार इंधन आपोआप सुधारते. हा फायदा खरा आहे. किंमतही तितकीच खरी आहे. टाकीत इलेक्ट्रिक पंप, परतीचा इंधन पाइप, दात्या गाडीचा (ज्या गाडीतून इंजिन काढले तिचा) ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, आणि संपूर्ण वायरिंग लागते. दाता निवडताना वायरिंग तोडून न देता सलग देणारा शोधावा, कारण सैल अर्थिंगमुळे येणारी आयडलची तक्रार शोधणे कार्बोरेटरच्या कुठल्याही तक्रारीहून कठीण असते. आयडल व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल बॉडीवर काजळी साचली की गाडी वरखाली होते. सफाईने ती बहुधा सुधारते.

व्हॉल्व्ह जास्त काळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट बसवला असेल, तर हिशेब बदलतो. हवा घेणारा आणि धूर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह जास्त काळ एकत्र उघडे राहतात, जळलेला वायू परत येतो आणि व्हॅक्यूम कमी व अस्थिर होतो. कार्बोरेटरवर मूळ ८०० च्या आसपासच्या आयडलऐवजी ९५० ते १००० आरपीएम स्वीकारून टायमिंग जुळवता येते. मूळ ईसीयू मात्र कमी व्हॅक्यूमला भार समजतो आणि इंधन वाढवतो, त्यामुळे ट्यून करता येणारा ईसीयू घेणार नसाल, तर कॅमशाफ्ट आणि एमपीएफआय यांची एकत्र गाठ घालू नये.

माझा कल असा आहे की, फक्त फिल्टर आणि सायलेन्सर बदललेल्या गाडीत मूळ कार्बोरेटरवरच पैसे खर्च करावेत. इंजिनाचे पिस्टन रिंग किंवा हेडचे काम तसेही करायचेच असेल, तेव्हाच एमपीएफआयचा विचार करावा. तेव्हाही जुने इंजिन उतरवण्यापूर्वी आरटीओकडे लेखी परवानगी मागावी, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बदलाला परवानगी लागते आणि नवा इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकात चढवावा लागतो. पीयूसी चाचणीही आयडलवरच होते. त्यामुळे तोपर्यंत मूळ कार्बोरेटर घट्ट (जास्त पेट्रोलच्या) मिश्रणावर ठेवून कसेबसे चालवण्याचा मोह टाळावा. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण लगेच वाढते आणि गाडी चाचणीत अडकते.