संत्र्याच्या फळगळीवर जीए (जिब्रेलिक अ‍ॅसिड) पावडर, दोन आंबिया बहार वापरून पाह्यली

आमचा बगीचा वरुड तालुक्यात, आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा. ऑगस्ट लागला का सकाळी बगीच्यात पाय टाकाची भीती वाटते राजेहो, रात्रभरात झाडाखाली मुठीत मावतील अशी हिरवी फळं पडलेली असतात. पाणी, खत, ताण (फुलं याले पाणी तोडणं) सगळं सांभाळून आणलेलं फळ तोडणीच्या दोन-अडीच महिने आधी मातीत दिसलं का जेवण जात नाही.

पह्यले एका कृषी केंद्रवाल्यानं "हार्मोन आहे, गळ जागच्या जागी थांबते" म्हणून एक बाटली दिलती. लेबलवर ना घटकाचं नाव ना टक्का. दोन फवारण्या मारल्या, गळ तशीच. पैसे गेले त्यापेक्षा मोक्याचे पंधरा दिवस गेले याचं जास्त वाईट वाटलं. त्याच्यानंतर ठरवलं का लेबलवर जिब्रेलिक अ‍ॅसिड अन् टक्का स्पष्ट लिहिलेला असल तरच घ्याचं.

प्रमाण १०० लिटर पाण्याले दीड ग्रॅम, म्हणजे जवळपास १५ पीपीएम (दहा लाख भागात १५ भाग), त्याच्यात १ किलो युरिया. आमच्या २०० लिटरच्या ड्रमले ३ ग्रॅम अन् २ किलो. पहिली फवारणी ऑगस्टच्या मधात, दुसरी पंधरा दिवसानं. यात सगळ्यात जास्त लोकं चुकतात ते पावडर विरघळवण्यात. मी पहिल्या दिवशी सरळ बादलीत टाकली तर बारीक रव्यासारखी वरतीच तरंगत राह्यली, काडीनं कितीही ढवळा. मग स्टीलच्या वाटीत ३०-४० मिली स्पिरिट घेऊन त्याच्यात टाकली, वाटी गोल गोल फिरवली, मिनिटभरात पाण्यासारखं स्वच्छ झालं, तेव्हा ड्रममधे ओतलं. आता सरळ पाण्यात विरघळणारी पण भेटते, पण तिचा टक्का कमी असते, हिशोब तसा बदला. बोअरचं पाणी खारं असल तर थोडं सायट्रिक अ‍ॅसिड टाका, क्षाराच्या पाण्यात जीए टिकत नाही. म्हणूनच बोर्डो मिश्रणासोबत (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) तर मिसळूच नका, त्यात चुना असते.

फरक पडला का? पडला. मी एक ओळ मुद्दाम सोडली होती, तिच्या झाडाले जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या बांधल्या. रोज सकाळी पडलेली फळं मोजाचो. दुसऱ्या फवारणीनंतर आठ-दहा दिवसांनी चिंधीवाल्या झाडाखाली पंधरा-वीस तर फवारलेल्या झाडाखाली पाच-सहा. ते पाहून खरंच जिवात जीव आला. आकारात मात्र मले काही फरक दिसला नाही. नाशिककडचे द्राक्षवाले मणी लांब कराले हेच वापरतात, म्हणून आपल्या इकडं "फळ मोठं होते" सांगून विकतात. संत्र्यात त्या आशेनं घेऊ नका.

अन् घ्याच्या आधी पडलेलं फळ हातात घेऊन पाहाच. देठ स्वच्छ सुटलेला असल, फळ चांगलं असल तर ही झाडाच्या ताणाची गळ आहे. देठ अन् फांदीच्या सांध्यातला पेशींचा थर सैल पडून फळ सुटते, तिथंच हे संजीवक (हार्मोन) काम करते. देठाकडून काळं पडून सडत आलं असल तर बुरशी आहे. बारीक गोल छिद्र अन् भवताली मऊ डाग असल तर रस शोषणारा पतंग. या दोघांवर जीए कितीही मारा, उपयोग शून्य. आमच्या खालच्या बांधाकडं पाणी साचते, तिथली झाडं अजूनही गळून राह्यली, तिथं आधी चर काढणं आहे.

२,४-डी पण याच कामाले चालते अन् स्वस्त पडते, पण मी घेत नाही. ते मुळात तणनाशक आहे अन् आमच्या धुऱ्याले लागून भावाची पऱ्हाटी (कपाशी) आहे. वाऱ्यानं जराशे थेंब गेले तरी कपाशीचं पान भेंडीच्या पानासारखं चिरून लांबट होते. आजूबाजूले कपाशी असल तर हा धोका घेऊच नका.

एक उणीव सांगून ठेवतो, जीएनं साल जास्त दिवस हिरवी राहते. मी पह्यल्या साली एक फवारणी सप्टेंबर संपता संपता मारली, तर व्यापारी बगीचा पाहाले आला तेव्हा बाजूच्या बगीच्यात रंग भरला होता अन् आमचं फळ हिरवंच, सौदा पंधरा दिवस लांबला. लवकर तोडणी असल तर उशिराची फवारणी टाळा. फळ झाडावर थोडं थांबवून विकाचं असल तर हाच गुण कामी येते.

खर्चाचं म्हणाल तर पावडरपेक्षा फवारणीची मजुरीच जास्त पडते. पाचपैकी चार स्टार, यंदा पुन्हा आणली.