पाण्याने लिहायचं कापड: चार महिने, एक अक्षर

शांघायला येऊन दीड वर्ष झालं, चिनी बोलणं थोडंफार जमायला लागलं होतं पण लिहिणं सगळं फोनवर, पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतला उच्चार, टाईप करायचं आणि खाली जी अक्षरं येतात त्यातलं एक निवडायचं, हाताने काही म्हणजे काही येत नव्हतं. मग फूचौ रोडवरच्या एका दुकानातून पाण्याने लिहायच्या कापडाचा सेट घेतला, ३९ युआनला. एक कापड, एक ब्रश, एक छोटी बशी. जवळपास रोज वापरलाय म्हणून सविस्तर लिहितेय.

कापडावर चौकटी छापलेल्या असतात आणि प्रत्येक चौकटीत उभी, आडवी आणि दोन तिरक्या रेघा, म्हणजे अक्षराचा कुठला भाग कुठे यायला हवा ते कळतं. ब्रश साध्या पाण्यात बुडवून टेकवला की रेघ शाईसारखी काळी उमटते आणि काही मिनिटांत वाळून नाहीशी. आपल्याकडे धूळपाटीवर गिरवायचे तसंच, चुकलं तर पुसायचीसुद्धा गरज नाही. कागद वाया जाईल ही धास्ती नसली की हात किती मोकळा होतो हे मला इथे पहिल्यांदा कळलं.

मी एकच अक्षर धरलं, 'योंग', म्हणजे कायमचं, चिरकाल. मोजून ५ रेघा पण काही रेघा मध्येच वळतात, त्यामुळे टिंब, आडवी, उभी, आकडा, डावीकडचा फटकारा, उजवीकडची शेपटी वगैरे एकूण ८ प्रकार त्यात येतात, म्हणून नव्याने ब्रश हातात धरणाऱ्याला हेच अक्षर घोटायला लावतात. इ.स. ३५३ मध्ये वांग शीझ या नामांकित चिनी सुलेखनकाराने लानथिंग इथे जमलेल्या कवींच्या कवितांना जी प्रसिद्ध प्रस्तावना लिहिली तिचं पहिलं अक्षरही हेच.

आता कापडाची खरी कमाल सांगते. पाणी सारखं पडलं असेल तर जी रेघ आधी काढली ती आधी वाळते, म्हणजे अक्षर ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने पुसत जातं, पहिलं टिंब जातं आणि सगळ्यात शेवटी उजवी शेपटी. हे रोज बघून बघून रेघांचा क्रम पाठ झाला. आणि टिंब जर शेवटपर्यंत ओलं राहिलं तर समजायचं की तिथे ब्रश जास्त दाबला. शेजारचे आजोबा, माझी मुलगी त्यांना येये म्हणते, त्यांनी मला शेपटी शिकवली, हळू निघायचं, दाब वाढवत न्यायचा, क्षणभर थांबायचं आणि मग ब्रश उचलत उचलत बाहेर काढायचा. त्या एका रेघेला मला तीन आठवडे लागले, आणि ज्या दिवशी जमली त्या दिवशी येयेंनी ती वाळेपर्यंत बघत बसून मान डोलावली.

हात बसला तसं अक्षर रस्त्यावर दिसायला लागलं. योंगखांग रोड, योंगजिया रोड, सोया दुधाच्या दुकानाची योंगहे पाटी. गल्लीत एक जुनी 'योंगजिउ' सायकल उभी असते, तिच्या बोधचिन्हात नावातल्या दोन अक्षरांचीच सायकल केलीय, इतके दिवस मला ते नुसतं चित्र वाटायचं. आणि योंगच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब जोडले की पोहण्यातला योंग होतो, उच्चारही तोच. मुलीच्या स्विमिंग क्लासच्या पाटीवर तो मी न विचारता वाचला, काय आनंद झाला म्हणून सांगू!

तक्रारी आहेत. सेटमधला ब्रश अगदीच सुमार, आठवड्यात केस गळायला लागले आणि टोक दुभंगलं, दुकानात विचारलं तर ब्रश बदलून मिळत नाही म्हणाले. ब्रश वेगळाच घ्या, मिश्र केसांचा, त्याला जिएन-हाव म्हणतात, नवख्या हाताला तो बरा पडतो. जून-जुलैत इथे मेई-यूचा पाऊस असतो तेव्हा हवा इतकी दमट की कापड वाळता वाळत नाही, पंख्याखाली ठेवावं लागतं. घडी घालू नका, गुंडाळून ठेवा, घडीवर ब्रश अडखळतो. आणि खरी शाई चुकूनही लावू नका, डाग जात नाही.

एक मोठी मर्यादा म्हणजे कापडावर रेंगाळलं तरी चालतं, पण श्वान कागदावर, म्हणजे ब्रशने लिहायच्या पातळ चिनी कागदावर, शाई लगेच पसरते, माझं तिथलं पहिलं योंग म्हणजे पाच काळे ठिपके होते. त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी कागदही सुरू करा, दोन्ही चालू ठेवा. आणि रोजच्या एका अक्षराचा ओला असतानाच फोटो काढा, नाहीतर कालचं आजच्याशी ताडून बघायला काहीच उरत नाही.

एवढं सगळं असूनही मी परवा दुसरं कापड घेतलं, मुलीसाठी. तिने 'श्वेइ' धरलंय, म्हणजे पाणी, चारच रेघा आहेत.