फिक्सी बांधायचीय? फ्रेमच्या आधी मागचा हब बघा

ओळखीतला एक मुलगा नाशिकहून इथे लंडनला मास्टर्स करायला आलाय. गेल्या रविवारी त्याने तीन फोटो पाठवले. "काका, यातली कुठली घेऊ? फिक्सी करायचीय." पहिल्या फोटोत हिरवी रॅले, तीन गिअरची, मडगार्ड-कॅरियरसकट, ४० पौंड. दुसऱ्यात ऐंशीच्या दशकातली एक रेसिंग सायकल, चेन गंजलेली, टायर बसलेले, ११० पौंड. तिसऱ्यात नुसती फ्रेम आणि फोर्क, जपानी केइरिनची, म्हणजे तिथल्या पैजेच्या ट्रॅक शर्यतीतली, ५५० पौंड. मन तिसऱ्यावर बसलंय हे त्याने लिहिलं नव्हतं, पण त्या एकाच फ्रेमचे चार बाजूंनी काढलेले फोटो पाठवले होते.

फोनवर सांगता सांगता तास गेला, म्हणून आता नीट लिहूनच काढतो.

फिक्सी म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल, तिला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडलवर पाय असतील तर तेही फिरणार. पुण्यात शाळेतून येताना उताराला लागलं की आम्ही उलटं पायडल मारत फ्रीव्हीलचा टर्रर्र आवाज काढत यायचो, ती चैन इथे नाही. उलट पाय मागे दाबला की चाक मंदावतं. सगळी मजा त्यात आहे आणि सगळा धोकाही.

धोका मी अनुभवलाय. माझी पहिली फिक्सी मी आयती, कुणीतरी "कन्व्हर्ट" केलेली घेतली. दिसायला देखणी. एका संध्याकाळी क्रिस्टल पॅलेसच्या उतारावर सिग्नल लाल झाला, मी सवयीने पाय मागे दाबले आणि पायडल एकदम हलकं झालं, जणू चेनच निसटली. चेन जागेवर होती. मागचा कॉगच (चेन बसते ते दातेरी चक्र) हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर, सैल होऊन फिरायला लागला होता. पुढे ब्रेक होता म्हणून निभावलं.

घरी येऊन चाक उघडलं तेव्हा उलगडा झाला. खऱ्या फिक्सीच्या मागच्या हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. मोठ्या पायरीवर कॉग नेहमीच्या उजव्या आट्यांनी बसतो. तिच्या शेजारी जरा लहान पायरी असते, तिचे आटे उलटे, आणि तिच्यावर कॉगला अडवणारी लॉकरिंग येते. पाय मागे दाबला की कॉग सुटू पाहतो, पण त्याच दिशेने लॉकरिंग आणखी आवळली जाते. माझ्या सायकलला साधा फ्रीव्हीलचा हब होता. त्याचे आटे कॉगच्या आट्यांशी जुळतात, त्यामुळे कॉग छान बसतो आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. उलट्या आट्यांची पायरीच नसल्याने त्या गृहस्थाने बॉटम ब्रॅकेटची (पायडलचा आस फ्रेममध्ये जिथे फिरतो तिथली) रिंग वरून आवळून थोडा गोंद लावला होता. इंग्रजीत या जुगाडाचं नावच "आत्महत्येचा हब" असं आहे.

म्हणून फ्रेम कितीही जुनी घ्या, मागचं चाक नवं आणि खऱ्या ट्रॅक हबचं, म्हणजे त्या दोन पायऱ्यांच्या हबचं घ्या. तिन्ही सायकलींची तुलना मी याच प्रश्नावर केली: हे चाक त्या फ्रेममध्ये सरळ बसेल का?

हिरवी रॅले यात लगेच बाद होते. हबची रुंदी जमत नाही. चाकं २६ इंची, पण ५९० मिलिमीटर व्यासावर टायर बसणारी, आणि त्या मापात तयार ट्रॅक चाक सहज मिळत नाही. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, कॉटर पिनवाला. पन्नास वर्षं न हललेली कॉटर पिन ज्यांनी हातोडीने काढलीय त्यांना पुढचं सांगायला नको. शिवाय रॅलेने नॉटिंगहॅमला बनवलेल्या अशा सायकलींत बॉटम ब्रॅकेटचे आटे इंचाला २६, आज सहज मिळणाऱ्या बॉटम ब्रॅकेटचे २४. म्हणजे नवा बॉटम ब्रॅकेट सरळ चढत नाही.

खरं कारण मात्र वेगळं आहे. तिच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब आहे. हबच्या अंगावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. बोटाने मळ पुसला की दिसतं. अर्धशतक चाललेला हा हब थोडं तेल घातलं की पुन्हा चालतो. तो काढून टाकायला माझा हात धजावत नाही. चाळीस पौंडाला मिळतेय तर घ्या, ओव्हरऑइल करा आणि बाजारहाटाला वापरा. फिक्सी करू नका.

(पुण्यात बसून वाचणाऱ्यांसाठी जाता जाता: माळ्यावरच्या काळ्या डबल नळीच्या सायकलीबद्दलही माझं हेच मत. तिचे दांड्याचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दाबतात. २८ इंची रिम काढून ७००सी (आजच्या रेसिंग सायकलींचं माप) बसवली की ते ब्रेक निकामी होतात, आणि दुसरे लावायला फ्रेमवर सोय नसते.)

दुसरी, ऐंशीच्या दशकातली रेसिंग सायकल. बहुतेकांनी हीच घ्यावी असं मला वाटतं, पण डोळे उघडे ठेवून.

पहिली नजर मागच्या आसावर. आस ज्या खाचेत बसतो ती आडवी असेल तर चाक पुढे-मागे सरकवून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर सायकल सोडून द्या, कारण गिअरच्या सायकलीत चेन ताणून धरणारा डिरेलर असतो, तो फिक्सीला चालत नाही. चेन घट्ट म्हणजे तारेसारखी नको; सर्वांत ताठ जागी बोटाने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर हलावी.

मग मागच्या दोन खाचांमधलं अंतर मोजा, शाळेची पट्टी चालते. ट्रॅक हब १२० मिलिमीटरचा. पाच गिअरच्या जुन्या सायकलींत अंतर तेवढंच असतं, हब नुसता उचलून ठेवायचा. सहा-सात गिअरवालीत १२६ असतं, तिथे आसावर दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटरचे वायसर घालून भागतं. १३० निघालं तर फ्रेम बहुधा अलीकडची आहे आणि खाचही बहुतेक उभी असेल.

चाकं २७ इंची असतील तर घाबरू नका. २७ इंचीचं टायर ६३० मिलिमीटरवर बसतं, ७००सीचं ६२२ वर. नवी रिम चार मिलिमीटर खाली येते, तेवढे ब्रेकचे गुटके खाली सरकले पाहिजेत. जुन्या कॅलिपरमध्ये बहुधा जागा असते, तरी विकत घेण्यापूर्वी गुटक्याखालची उरलेली खाच बघा.

मूळ देश विचारा. इंग्रजी आणि बहुतेक जपानी फ्रेमना आज सहज मिळणारा बॉटम ब्रॅकेट बसतो. इटालियनला वेगळा लागतो, पण मिळतो. जुनी फ्रेंच पूजो मात्र स्वस्त दिसते आणि मागाहून रडवते: बॉटम ब्रॅकेटचे आटे वेगळे, हँडलचा स्टेम २२.२ ऐवजी २२ मिलिमीटर. दोन दशांशाचा फरक, पण नवा स्टेम आत शिरत नाही तो नाहीच. मी एक पूजो अशीच पॉलिश पेपरने घासत बसलो होतो, दोन रविवार.

आता फ्रेमची तब्येत. हँडलखालून पायडलकडे जाणाऱ्या तिरक्या नळीच्या वरच्या टोकाला, जोडाच्या लगेच मागे, खालून अंगठा फिरवा. पत्र्याला बारीक सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून आपटलेली आहे. रंग कितीही चकचकीत असो, निघून या. नंतर एक दोरा मागच्या एका खाचेतून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं आलं की फ्रेम सरळ.

सीट पिलर फिरतो का, हे विक्रेत्यासमोरच बघा. अॅल्युमिनियमचा पिलर पोलादी नळीत वर्षानुवर्षं बसला की जणू वेल्ड होतो. तो निघाला तर त्यावरचं माप वाचा. २७.२ असेल तर नळी पातळ आणि बहुधा चांगल्या प्रतीची, रेनॉल्ड्स ५३१ या नावाजलेल्या इंग्रजी पोलादी नळीच्या फ्रेममध्ये हेच माप सहसा दिसतं. २६ च्या खाली असेल तर नळी जाड आणि सायकल जड. स्टिकर खोटं लावता येतं, नळीचं भोक खोटं बोलत नाही.

हिशेब साधारण असा: सायकल ११०, नवं मागचं चाक कॉग-लॉकरिंगसह शंभरच्या आसपास, चेन, टायर-ट्यूब, केबल धरून अडीचशेच्या थोडं वर. पुढची चेनव्हील, हँडल, पुढचा ब्रेक जुनेच चालतात. निघालेले डिरेलर विकले तर चहापाण्याचे सुटतात.

आणि केइरिन? ती फ्रेम मलाही आवडते, उगाच नाक मुरडत नाही. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा शहरात ही पैजेची शर्यत सुरू झाली. पैजेचा पैसा असल्याने प्रत्येक भागावर एनजेएसचा (तिथल्या शर्यतीच्या संस्थेचा) शिक्का सक्तीचा, आणि पुरुषांच्या शर्यतीत फ्रेम हाताने जोडलेली, पोलादीच. कोइची नाकानोने १९७७ ते १९८६ सलग दहा वेळा स्प्रिंटचं जागतिक विजेतेपद मिळवलं, त्याचं नाव घेतलं की त्याच्या फ्रेम बनवणाऱ्या नागासावाचंही येतंच. खेळाडू नवी फ्रेम घेतात तेव्हा जुन्या बाजारात येतात. १२० मिलिमीटर, मागे उघडणाऱ्या खाचा: ट्रॅक चाक अलगद बसतं. माझ्या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर हीच देते.

तरी बाकीचा संसार बघा. ५५० ला नुसती फ्रेम. क्रँक, दोन्ही चाकं, हँडल, स्टेम, सीट सगळं वेगळं. हजार पौंड सहज ओलांडतात. टायर २३ मिलिमीटरच्या वर जेमतेम जातं, लंडनचे खड्डे आपल्याकडच्यांइतके नसले तरी आहेत. वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो. मोजून दुसऱ्याच्या अंगाला शिवलेला कोट आहे तो, तुमच्या खांद्यावर बसेलच असं नाही.

सर्वांत मोठी अडचण कायद्याची. इथल्या १९८३ च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या फिक्सीला पुढच्या चाकाचा ब्रेक हवाच. मागे पायांनी थांबवता येतं म्हणून मागचा नसला तरी चालतो. केइरिनच्या फोर्कला ब्रेकसाठी भोकच नसतं. २०१६ मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्सीची धडक बसून एक महिला दगावली, पुढच्या वर्षी स्वाराला १८ महिन्यांची कैद झाली, तीही १८६१ च्या कायद्याखाली. त्या फोर्कला घरी ड्रिल मारणारे लोक आहेत. मी मारणार नाही. लंडनमध्येच हर्न हिलला १८९१ पासूनचा ४५० मीटरचा ट्रॅक आहे, तिथे चालवायची असेल तर केइरिन घ्यावी. नाहीतर दुसरा फोर्क शोधा, म्हणजे ५५० पौंडातल्या अर्ध्या सौंदर्यावर पाणी.

गिअरबद्दल थोडक्यात. पुढे ४८ दातांची चेनव्हील आणि मागे १६ दातांचा कॉग लावू नका. भागाकार पूर्ण तीन येतो, त्यामुळे थांबायला पायडल रोखून चाक घसरवलं की दर वेळी टायरचा तोच ठिपका घासतो आणि महिन्याभरात तिथे कापड दिसायला लागतं. मागे १७ केलं की सतरा जागा आळीपाळीने झिजतात. नवख्याने ४४-१७ पासून सुरुवात करावी, गुडघे दुवा देतील.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. त्याने केइरिनच्या फोटोंकडे दोन दिवस बघून घेतलं आणि बुधवारी ती दुसऱ्या फोटोतली सायकल विकत घेतली. आडव्या खाचा, १२६ मिलिमीटर, नळ्या सरळ, दोरा दोन्हीकडे सारखा, सगळं तपासलं म्हणे. काल रात्री मेसेज आला: "काका, शनिवारी येऊ का तुमच्याकडे? सीट पिलर हलत नाहीये."