जुनी बीएस6 डिझेल घेताय? आधी सायलेन्सरच्या आतनं बोट फिरवा

सांगली-मिरजेकडं सध्या वापरलेल्या डिझेल एसयूव्ही लई जण बघायला लागलेत, म्हणून हे लिहितोय, आमच्या दादाचं झालं तसं कुणाचं होऊ नये.

दादानं एका एजंटकडनं बीएस6 (म्हणजे प्रदूषणाचा नवा, कडक नियम पाळणारी) डिझेल गाडी घेतली. सिंगल ओनर, सर्व्हिसची बिलं, पीयूसी चालू, सगळं व्यवस्थित. पिकअप तर असा की विचारू नका. "हायवेला पळून इंजिन मोकळं झालंय साहेब", हे त्या एजंटचं वाक्य. घरी आल्यावर मात्र सकाळी गाडी चालू केली की आईला ठसका लागायचा (तिला दमा आहे), आणि पार्किंगच्या मागच्या चुन्याच्या भिंतीवर पाईपच्या उंचीला काळा डाग धरायला लागला. बीएस6 डिझेलला असा डाग पडायलाच नको.

कुपवाड एमआयडीसीत दादाच्या मेव्हण्याचं गॅरेज आहे, त्यानं गाडी रॅम्पवर चढवली आणि बॅटरी मारून दाखवलं. डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) डब्यावर वेल्डिंगची एक खडबडीत रेघ, वरनं सिल्व्हर कलर मारलेला. कंपनीचं वेल्डिंग एकसारखं असतं, हे हातानं केलेलं सरळ कळत होतं. डबा कापून आतली सिरॅमिकची जाळी काढलेली आणि रिकामा डबा परत जोडलेला! स्कॅनर लावला तर ॲक्सिलरेटर कितीही दाबा, फिल्टरच्या प्रेशरचा आकडा जागचा हलत नव्हता, म्हणजे ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) पण रिमॅप केलेला, त्याचं सॉफ्टवेअर बदललेलं, डॅशबोर्डवर वॉर्निंगची लाईट लागू नये म्हणून. नवीन डीपीएफ आणि सॉफ्टवेअरचा खर्च लाखाच्या वर सांगितलाय.

असं का करतात तर डीपीएफ काजळी धरून ठेवतो आणि ती जाळायला 600 डिग्रीच्या आसपास तापमान लागतं. गाडी नुसती गावातल्या गावात विश्रामबाग ते मार्केट यार्ड फिरली तर तेवढी तापतच नाही, फिल्टर चोक होतो, आणि मग खर्च वाचवायला मालक तो काढूनच टाकतो आणि गाडी विकून मोकळा होतो. काजळी मात्र घेणाऱ्याच्या घरच्यांच्या छातीत. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

पीयूसी होती की, असं कुणी म्हणेल. पीयूसीला डिझेलचा फक्त धूर बघतात, नायट्रोजन ऑक्साईड हा विषारी वायू मोजतच नाहीत. आणि आमच्या डोळ्यांदेखत एका सेंटरवर पाईपला नळी न लावता नंबर प्लेटचा फोटो काढून सर्टिफिकेट दिलं गेलं.

टेस्टला एक आणि रस्त्यावर एक हा प्रकार मोठ्यांनी पण केलाय. 2015 साली फोक्सवॅगन पकडली गेली ती यातच. टेस्ट चालू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर, टेस्टला गाडी स्वच्छ आणि रस्त्यावर काही गाड्यांचा नायट्रोजन ऑक्साईड मर्यादेच्या 40 पटीपर्यंत. जगभरात 1 कोटी 10 लाख गाड्या. भारतात सव्वातीन लाखाच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या, 2019 ला हरित लवादानं 500 कोटींचा दंड लावला आणि कंपनी सुप्रीम कोर्टात गेली.

तर गाडी बघायला जाताना पांढरा रुमाल न्या, गार असताना सायलेन्सरच्या तोंडातनं आत फिरवा. डीपीएफ नीट असलेल्या गाडीचा पाईप आतनं जवळपास स्वच्छ असतो. काळाकुट्ट निघाला तर गाडी रॅम्पवर घेऊन डब्याचं वेल्डिंग बघा, स्कॅनर लावायला सांगा. एजंट टाळाटाळ करायला लागला की तिथनं निघा. "गाडीत कुठलाही बदल केलेला नाही" हे लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी. दादाकडं तो मेसेज आहे म्हणून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात चाललोय. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, थांबू नका.

पुढची गाडी सीएनजी किंवा इलेक्ट्रिकच घ्यायची हे घरात ठरलंय, आईनंच ठरवलंय. गावातल्या गावात फिरणाऱ्यानं डिझेल घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिथं पण डोळे उघडे ठेवा. जुनी सीएनजी असेल तर किट आरसीवर चढलंय का आणि सिलेंडरची तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट झालीय का बघा, जुनी ईव्ही असेल तर बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधनंच काढून घ्या, विकणाऱ्यानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.